थिअरी वाचायच्या आधी एकच फोटो नीट बघ

फोटोग्राफीची थिअरी वाचायला घेतलीयस हे खूप चांगलं केलंस, पण एकदम जाडजूड पुस्तकांत घुसू नकोस, आधी एकच फोटो घे आणि त्यात काय काय दिसतंय तेवढंच लिही, मत नको, अर्थ नको, फक्त दिसणाऱ्या गोष्टी. उदाहरणार्थ अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 1936 चा 'मायग्रंट मदर', म्हणजे कामासाठी भटकणाऱ्या एका आईचा फोटो. आईचा हात गालाशी, दोन मुलांची तोंडं पाठीमागे वळलेली, मांडीवर बाळ. मग त्याच वेळी काढलेल्या बाकीच्या फ्रेम्स शोध, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, त्यात तंबू दिसतो, आजूबाजूचा पसारा दिसतो. आणि 'मायग्रंट मदर'च्याच खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता तो नंतर निगेटिव्हवर रिटच करून पुसट केला गेला! आता विचार कर, डॉक्युमेंटरी म्हणजे नक्की काय, काय ठेवलं, काय गाळलं, कोणी ठरवलं. हे प्रश्न तुझे तुलाच पडले ना की सुझन सोंटॅगचं 'ऑन फोटोग्राफी' (1977) वाचताना ती कुठे चिडलीय ते बरोब्बर कळतं.

रोलाँ बार्थचं 'कॅमेरा ल्युसिडा' (1980) मात्र घाई न करता वाच. तो स्वतःच्या आईच्या लहानपणच्या फोटोबद्दल पानंच्या पानं लिहितो आणि तो फोटो पुस्तकात छापतच नाही, का ते स्वतः शोध. त्याचे 'स्टुडियम' (फोटोत वाटणारा सर्वसाधारण रस), 'पंक्टम' (आपल्याला अचानक टोचणारा एखादा तपशील) हे शब्द लोक कुठेही चिकटवतात, तू तसं करू नकोस.

आणि फोटोची समीक्षा लिहिताना 'सुंदर', 'जबरदस्त' असले शब्द आले की थांब, कशामुळे तसं वाटलं ते लिही.