विश्व पसरलं, मग जादा मिती का पसरल्या नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की तीनपेक्षा जास्त मिती (लांबी, रुंदी, उंचीसारख्या दिशा) असतील तर महास्फोटानंतर त्याही का पसरल्या नाहीत? त्या इवल्याशा आहेत असं मानणं ही शास्त्रज्ञांनी काढलेली पळवाट नाही का?

पळवाट नाही. कोल्हापुरात बीएस्सीच्या वर्गात हीच शंका निघते, तेव्हा मी आधी फळ्यावर गणित मांडतो. जयंत नारळीकरांच्या जन्मगावी या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देणं मला पटत नाही.

एडवर्ड कास्नर यांनी १९२१ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची रिकाम्या विश्वासाठी उकल काढली. तीत प्रत्येक दिशेची लांबी काळाच्या ठरावीक घातानुसार बदलते. अटी दोनच: सगळ्या घातांकांची बेरीज १, आणि त्यांच्या वर्गांची बेरीजही १. आता चार दिशा घ्या. तिघींचा घातांक १/२, चौथीचा उणे १/२. बेरीज १. वर्ग चारही १/४, त्यांची बेरीजही १. म्हणजे काळ दहा हजार पट झाला की तीन दिशा शंभर पट वाढतात आणि चौथी शंभर पट आक्रसते. कुणी तिला मुद्दाम दाबलेलं नाही! चोडोस आणि डेटवायलर यांनी १९८० मध्ये हेच दाखवलं.

खरी अडचण पुढं आहे. आक्रसणं थांबवायचं कसं? कालुझा-क्लाइन सिद्धान्तात, म्हणजे एक जादा मिती इवल्याशा वर्तुळात गुंडाळलेली आहे असं मानून गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र जोडणाऱ्या सिद्धान्तात, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार त्या गुंडाळलेल्या मितीच्या आकारावर ठरतो. ती बदलत राहिली असती तर अब्जावधी वर्षं जुन्या क्वेसारच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) प्रकाशातल्या वर्णरेषांमधली तुलनात्मक अंतरं बदललेली दिसली असती. तसं काही ठामपणे आढळलेलं नाही. म्हणजे ती केव्हाच स्थिरावली असली पाहिजे. कँडेलस आणि वाईनबर्ग यांनी १९८४ मध्ये पुंजक्षेत्रांच्या (क्वांटम फील्ड्सच्या) कॅसिमिर ऊर्जेनं, म्हणजे बंदिस्त रिकाम्या जागेतही उरणाऱ्या ऊर्जेनं, तिला तोलून धरायचा मार्ग सुचवला. मला तो फार देखणा वाटतो, पण त्याला हजारो क्षेत्रं लागतात.

आणखी एक पेच. दोन जादा मिती घेतल्या तर त्याच दोन अटींतून दोन उत्तरं निघतात. एकात तीन दिशा वाढतात आणि दोन आक्रसतात, दुसऱ्यात नेमकं उलटं. यातलं कुठलं निवडायचं, हे आइन्स्टाइनचं अभिजात (पुंज परिणाम न धरणारं) समीकरण सांगत नाही, कारण सुरुवात कशी झाली हे त्याला बाहेरून पुरवावं लागतं. पुंज विश्वरचनाशास्त्राची, म्हणजे अख्ख्या विश्वाला पुंजयांत्रिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) नियम लावणाऱ्या शास्त्राची, गरज इथं पडते. १९६७ च्या व्हीलर-डीविट समीकरणात मोठ्या आणि लहान मितींचा आकार ही दोन चलं धरून अख्ख्या विश्वाचं तरंगफल (कुठल्या आकाराची शक्यता किती, हे सांगणारं गणिती फल) लिहितात. हार्टल-हॉकिंग यांनी १९८३ मध्ये, आणि व्हिलेन्किन यांनीही, त्याच्या सीमाअटी, म्हणजे सुरुवात कशी धरायची याचे नियम, सुचवल्या. दोघांच्या अटी वेगळ्या, म्हणून भाकितंही वेगळी. माझ्या मते आजचं खरं भांडण इथंच अडलंय.

दोन जादा मितींचं गणित स्वतः करून बघा. एका उत्तरात तीन दिशांचा घातांक साधारण ०.५३ आणि दोन जादा दिशांचा उणे ०.२९ यायला हवा. दुसरं काढून इथंच खाली लिहा, मी तपासून देईन.