पार्किंगमध्ये बुलबुलाचं पिल्लू पडलंय, उडता येत नाही. घरी आणू का?

तुम्ही लिहिलंय की सकाळपासून पिल्लू गाडीखाली बसलंय, उड्या मारतं पण उडत नाही, आई दिसत नाही आणि सोसायटीत मांजरं आहेत. आधी एक सांगा, आई दिसत नाही हे तुम्ही कुठे उभं राहून बघितलंत? पिल्लाजवळ उभे असाल तर ती दिसणारच नाही.

मी हे चूक करून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात असंच एक लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू कुंड्यांमधून उचलून घरात आणलं. बुटांच्या खोक्यात जुना बनियन अंथरला आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. तासाभराने ओट्याशी भांडी विसळत होते, तर खिडकीबाहेर ग्रिलवर मोठा बुलबुल येऊन बसला. चोचीत हिरवी अळी. आत पिल्लू चिरकलं की हा या गजावरून त्या गजावर. धड ओरडता येईना, कारण अळी सोडायची नव्हती. खोका बाल्कनीत नेऊन ठेवला आणि पडद्यामागे उभी राहिले. दोन मिनिटांत अळी पिल्लाच्या घशात. मी ज्याला वाचवणं समजत होते ते सरळसरळ पोर पळवणं होतं.

आता तुमचं पिल्लू नीट बघा. अंगभर पिसं, शेपूट अगदी आखूड, चोचीच्या कोपऱ्यात पिवळी किनार, आणि पायांवर उभं राहून टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून आपणहून निघालंय. बुलबुलाची पिल्लं १२-१३ दिवसांची झाली की नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. पुढचे काही दिवस झुडपात, जमिनीवर काढतात आणि आईबाप दोघंही तिथे येऊन भरवतात. घरट्यात परत ठेवलंत तरी पुन्हा उडी मारेल. घरटं म्हणजे सगळी पिल्लं एका जागी. ते भारद्वाजाला सापडलं की एकही उरत नाही. (आपल्याला भारद्वाज दिसला की शकुन. बुलबुलाला विचारा.)

तेव्हा पिल्लू ओंजळीत उचला, दहा-पंधरा फुटांवरच्या दाट झुडपात, सावलीत ठेवा आणि लांब जा. खिडकीतून दोन तास बघा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला घेत नाहीत, हे लहानपणी सगळ्यांनीच ऐकलंय. ते खोटं आहे. पिल्लाची हाक ऐकू आली की आईबाप येतात. मांजरांचं म्हणाल तर वॉचमनकाकांना सांगून दिवसभर हुसकावत राहा. पिल्लाला घरात कोंडण्यापेक्षा ते सोपं.

अंग उघडं असेल, पिसांच्या नुसत्या नळ्या फुटल्या असतील, डोळे मिटलेले असतील तर मात्र ते खरंच पडलंय. घरटं शोधून आत ठेवा. घरटं मोडलं असेल तर छोट्या परडीत वाळलं गवत घालून ती त्याच फांदीजवळ, उन्हापासून आडोशाला बांधा. परडीच्या तळातून पाणी निघून जायला हवं.

घरात आणायची वेळ येते ती पंख लोंबत असेल, रक्त असेल, मुंग्या लागल्या असतील, किंवा आईबाप मेलेले तुम्ही स्वतः बघितले असतील तेव्हा. मांजराने तोंडात धरलं असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या दातांतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जातो. पाकोळीचंही वेगळं आहे. कोयत्यासारखे लांब पंख आणि नावापुरते पाय असलेली ती जमिनीवर सापडली तर मदत लागतेच, पण हवेत भिरकावू नका.

अशा वेळी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत सुती कापड (टॉवेल नको, नखं अडकतात), अंधार आणि शांतता. मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. नागपूरला सेमिनरी हिल्सवर तर वनविभागाचं उपचार केंद्रच आहे. तोवर दूध-पाव अजिबात नको. पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंबही नकोत. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ तिथे उतरतं. आणि बरं झालं तर पाळू, असा विचार असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

तुमच्या वर्णनावरून मला तरी हे घरट्यातून निघालेलं धडधाकट पिल्लू वाटतंय. संध्याकाळपर्यंत एकदाही कोणी भरवायला आलं नाही तर इथेच खाली लिहा. आणि ज्यांची ती गाडी आहे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, चाकांखाली बघितल्याशिवाय काढू नका म्हणावं.