"अंगावर पित्त उठतं, ते माझ्या मनामुळेच का?"

सातपूरच्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या सासूबाईंना घेऊनच. चार महिने रोज संध्याकाळी मांड्यांवर, पोटावर लाल गांधी उठायच्या. रात्रभर खाज, आणि सकाळी कातडी स्वच्छ! डॉक्टरांकडे जावं तर दाखवायला काही उरतच नसे. आमसुलाचं पाणी लावून झालं. घरात आधी वांगं बंद झालं, मग डाळ, दही, शेवटी द्राक्षंही. नाशकात राहून द्राक्षं बंद, हे सांगताना त्यांचा गळा दाटला. ॲलर्जीच्या तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा घरचे म्हणाले, "टेन्शन घेतेस, दुसरं काय!"

"मॅडम, मीच हे ओढवून घेतेय का?"

नाही. कातडीत रक्तवाहिन्यांच्या आणि नसांच्या कडेला मास्ट पेशी असतात, हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाच्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. १८७८ साली पॉल एर्लिख यांना त्या खाऊन फुगल्यासारख्या वाटल्या, म्हणून हे जर्मन नाव; 'मास्ट' म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं. खरं तर दाणे त्या स्वतःच बनवतात. ते फुटून बाहेर पडले की रक्तवाहिन्या पाझरतात, गांधी उठतात, खाज सुटते. ॲलर्जीत एखादा बाहेरचा पदार्थ त्यांना चेतवतो. पण सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या अशा त्रासात बहुतेकदा खाण्याचा दोष नसतो. अनेकांत शरीराचीच प्रतिपिंडं, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, या पेशींना उठवतात. तपासणी कोरी आली म्हणून आजार खोटा ठरत नाही. ताणाने तो वाढू शकतो, पण त्यात ताईंचा गुन्हा काय?

"पित्त म्हणजे आंबटानेच ना?" सासूबाईंनी विचारलं. मावशी, घशाशी येतं ते पित्त वेगळं, हे वेगळं. आपण दोघांना एकच नाव दिलंय.

त्वचेच्या डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. सवय लागेल या भीतीने ताई खाज सुटल्यावरच घ्यायच्या. या गोळीची सवय लागत नाही. हिस्टामिन पोहोचण्याआधीच ती त्याची जागा अडवते, म्हणून रोज हवी. मी त्यांना परत त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. एक मात्र दोघींकडून वदवून घेतलं: जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना.

आमच्या भेटी झोपेवर आणि रात्रीच्या धास्तीवर झाल्या. तिसऱ्या भेटीपर्यंत खाज पुरती गेली नव्हती. पण ताटात वरण परत आलं होतं, आणि मोबाइलमध्ये गांधींचे फोटो होते, तारीखवार. रात्री उठून ते सासूबाईंनी काढले होते.