काउंट बरोबर आला तरी मॉप पोटात राहतो कसा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वहिनीचं सिझर पुढच्या महिन्यात आहे, त्यात पोटात मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचा कपडा, राहिल्याची बातमी वाचनात आली आणि तुम्ही विचारताय की ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सगळं मोजतात ना, मग राहतं कसं, आपण आधी काही विचारू शकतो का, आणि तरीही झालं तर कायदा काय म्हणतो. मी बरीच वर्षं ओटी सिस्टर आहे, सिझर आणि पोटाच्या ऑपरेशनलाच जास्त उभी राहिलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकांना वाटतं मोजलं नाही म्हणून राहिलं. पण बऱ्याचदा मोजलेलं असतं आणि कागदावर "काउंट करेक्ट" असं लिहिलेलंही असतं. अतुल गावंडे म्हणून सर्जन आहेत, अमेरिकेत असतात, वडील आपल्या विदर्भातले, त्यांच्या टीमने २००३ साली अशा ५४ पेशंटच्या केसेस छापल्या, तर ज्यांच्या ऑपरेशनमध्ये मोजणी झाली होती त्यातल्या ८८ टक्क्यांत काउंट बरोबर आल्याचीच नोंद होती. राहिलेल्या वस्तूंत दोन तृतीयांशाहून जास्त मॉप आणि गॉज, कात्री-चिमटे त्यामानाने कमी. इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये धोका जवळजवळ नऊ पट. तेव्हा खरा प्रश्न मोजलं का हा नाही, कसं मोजलं हा आहे.

मॉप म्हणजे कापसाचा बोळा नव्हे, वीतभर चौकोनी, थरांचा कपडा असतो, कोपऱ्याला टेप शिवलेली. पण रक्तात भिजला की मुठीत मावेल एवढा होतो, आतड्यामागे सरकला की रंग तोच आणि हाताला लागतोही तसाच मऊ, बघून कळतच नाही. म्हणून टेपला आर्टरी, म्हणजे पकडायचा चिमटा, लावून ती बाहेर लटकती ठेवतात. आता काउंट चुकतो कुठे तर पाचच्या पॅकमध्ये सहा निघतात आणि पॅक फोडताना कोणी मोजलेलं नसतं, किंवा मध्येच ब्लीडिंग वाढलं, घाईत अजून पाच मॉप दिले आणि बोर्डवर लिहायचं राहिलं, किंवा कोणीतरी मॉप कापून अर्धा केला आणि दोन तुकडे दोन म्हणून मोजले गेले, किंवा ड्युटी बदलली आणि नवीन सिस्टरने जुना आकडा तसाच पुढे घेतला. बादलीत एक मॉप कमी भरत असेल तर तो प्लासेंटाबरोबर (वारेबरोबर) गेला असेल असं कोणीतरी म्हणतं आणि पुढे सरकतात. हे "असेल" फार वाईट, ताई. ज्या ओटीत हे चालतं तिथे कधी ना कधी राहणारच.

नीट करायचं तर ऑपरेशनच्या आधी दोघींनी, म्हणजे स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हातात सामान देणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान आणून देणारी), एकत्र आणि मोठ्याने मोजायचं, प्रत्येक मॉप सुटा करून. मग सिझरमध्ये गर्भाशय शिवायच्या आधी परत, पोट बंद करायच्या आधी परत, स्किन शिवताना परत. वापरलेले मॉप बादलीत ढीग करून टाकायचे नाहीत, पाच-पाच करून सगळ्यांना दिसतील असे मांडायचे. काही ठिकाणी सलाइन स्टँडला पारदर्शक कप्प्यांची पिशवी टांगतात, एका कप्प्यात एक मॉप, रिकामा कप्पा लांबूनही दिसतो. बारकोडवाले आणि चिपवाले मॉपही निघालेत पण ते महाग, पिशवीला काय खर्च येतो? पेशंट बाहेर जाईपर्यंत कचऱ्याची पिशवी आणि लिनन ओटीबाहेर न्यायचं नाही, मावशींनाही हे आधी सांगून ठेवायचं. आणि सर्जननेही काउंट काहीही येवो, बंद करायच्या आधी पोटात चारी बाजूंनी हात फिरवून बघायचंच. एक कमी आला तर थांबायचं, शोधायचं, नाहीच मिळाला तर पेशंट टेबलवर असतानाच एक्स-रे, कारण चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा दोरा असतो. तो दोरा नसलेला स्वस्त माल पोटात वापरणं मला तरी गुन्हाच वाटतो.

सगळ्यात अवघड म्हणजे "सर, एक कमी आहे, थांबा" हे म्हणणं. रात्री तीनला, सर चिडलेले, भूल देणारा अनेस्थेटिस्ट घाई करतोय, आणि ते म्हणायचं असतं एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीने. तिला जिथे गप्प बसवतात तिथे कितीही चेकलिस्ट लावा, उपयोग नाही. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) ऑपरेशनसाठीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट २००८ पासून आहे, त्यात पेशंट बाहेर काढायच्या आधी सिस्टरने काउंट तोंडी सांगायचाय, पण कित्येक ठिकाणी ती नंतर टेबलवर बसून टिक मारून भरतात.

तुम्ही काय करायचं ते सांगते. डॉक्टरांना सरळ विचारा की तुमच्याकडे मॉप काउंट कोण करतं आणि ओटी नोट्समध्ये लिहिता का. चांगला डॉक्टर रागावत नाही. नॉर्मल डिलिव्हरी झाली तर टाके घालताना आत ठेवलेला गॉज काढला का हे नक्की विचारा, लेबर रूममध्ये मोजणी ओटीपेक्षा ढिली असते हे माझं स्पष्ट मत आहे. घरी आल्यावर ताप उतरत नसेल, पोट फुगत असेल, जखमेतून पू येत असेल किंवा अंगावरून घाण वासाचं जात असेल तर "बाळंतिणीला होतंच" म्हणून घरात बसू नका, सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी करून घ्या. कधीकधी मॉप कित्येक वर्षं गप्प बसतो आणि मग गाठ म्हणून दिसतो, म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद कधी फेकू नयेत.

आणि देव करो अशी वेळ न येवो, पण कायद्याचं विचारलंत म्हणून. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ साली बाळंतपणानंतरच्या नसबंदीत मॉप पोटात राहिला होता, पोट परत उघडलं तेव्हा सापडला, बाई वाचली नाही. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मॉप आत राहणं हाच निष्काळजीपणा आणि भरपाई राज्य सरकारने द्यायची. भरपाई होती ३६ हजार रुपये, आणि त्यासाठी घरच्यांची ३३ वर्षं गेली. त्यामुळे कागद आधीपासून हातात असू द्या, लेखी मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्डची कॉपी द्यावी लागते, डिस्चार्जच्या वेळी ओटी नोट्सही मागून घ्या.