लॉन वाळलंय, पण मेलंय का?

प्रश्न: आमच्या मुलुंडच्या सोसायटीत साधारण 1000 स्क्वेअर फुटांचं लॉन आहे, म्हणजे होतं. यंदा पाणीकपात लागली, टँकरचं पाणी लॉनला घालायचं नाही असं कमिटीत ठरलं आणि मे संपेपर्यंत सगळं पिवळं, मधेमधे तर नुसती माती. एका मेंबरने ऑनलाइन लो मेंटेनन्स बियांचं मिक्स मागवलंय, पाकिटावर फेस्क्यू, राय आणि क्लोव्हर लिहिलंय. पहिल्या पावसात टाकून देऊ का?

उत्तर: नका टाकू ताई. ही सगळी थंड हवेतली मंडळी, उगवतील चार दिवस हिरवीगार, पण आपल्या घामट उकाड्यात टिकायची नाहीत. पाकीट परत जात असेल तर बघा.

आधी बोटभर माती उकरून बघा. जुनं गवत हरळी, म्हणजे आपली दूर्वा, असेल तर वरून वाळलं तरी खालच्या मुळ्या जिवंत असतात (शेतात हीच हरळी काढता काढता माणसाची कंबर मोडते), एखाद्या कोपऱ्यात आठ-दहा दिवस भाजी धुतलेलं पाणी घाला, कोंब फुटले तर निम्म्या लॉनला काहीच करायला नको.

उरलेल्या टकलांसाठी बीपेक्षा मुळ्याच बऱ्या असं माझं मत. हरळीचं बी अगदी बारीक असतं, एवढ्या सगळ्या जागेला 250-300 ग्रॅम पुरतं, वाळूत कालवून फेकावं लागतं आणि जुलैत पाऊस ओतायला लागला की थेट गटाराच्या जाळीत जातं, त्यामुळे बीच हवं असेल तर सप्टेंबरअखेर थांबा. मुळ्या मात्र जूनमध्ये पाऊस लागला की लगेच लावा: माती खुरप्याने मोकळी करायची, शेणखत घालायचं, जिवंत भागातले तुकडे चार-चार इंचांवर खोचायचे, गवताचा खर्च शून्य.

बिल्डिंगच्या सावलीत हरळी धरत नाही, तिथे नर्सरीतून सावलीत चालणारं रुंद पानाचं गवत आणा. मेक्सिकन गवत दिसतं छान पण पाणी पितं, तुमच्याकडे नकोच. उन्हात हरळी, सावलीत रुंद पानाचं, हे दोन गवतांचं तुमचं मिक्स!

लव्हाळा हे तण आलं तर गाठीसकट उपटा, तणनाशक मारू नका, गणपतीत सगळा मजला दूर्वा तिथूनच तोडणार आहे.

आणि दीड-दोन महिने मुलांचं क्रिकेट बंद ठेवावं लागेल, ते मीटिंगमध्ये कोण सांगणार हे तुमचं तुम्ही ठरवा.