काटा स्थिर होण्याआधीच छापलेली पट्टी

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबाचे काम पाहतो. हळदीचे वजन झाले की काट्यावरच्या संगणकातील सॉफ्टवेअर प्रत्येक लॉटची एक मजकूर फाइल आमच्या लिनक्स संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये टाकते. पायथनच्या वॉचडॉग या फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या लायब्ररीत ‘ऑन क्रिएटेड’साठी (नवी फाइल तयार झाल्याच्या घटनेसाठी) मी कॉलबॅक, म्हणजे घटना घडताच आपोआप चालणारे फंक्शन, नोंदवला असून तो फाइल वाचून काटापट्टी छापतो. मात्र कधी पट्टी कोरी निघते, कधी पोत्यांची संख्या येते पण निव्वळ वजन येत नाही. ‘ऑन मॉडिफाइड’ (फाइल बदलल्याची घटना) वापरले, तर एकाच लॉटच्या तीन पट्ट्या छापल्या गेल्या. यावर उपाय काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला कॉलबॅक नीट चालतो आहे, तो चुकीच्या घटनेवर नोंदवला गेला आहे. काट्याचे सॉफ्टवेअर प्रथम शून्य बाइटची फाइल तयार करते, मग तीत लिहिते आणि शेवटी ती बंद करते. ‘ऑन क्रिएटेड’ यांतील पहिल्या क्षणी हाक मारते, म्हणून पट्टी कोरी निघते. ‘ऑन मॉडिफाइड’ लिहिण्याच्या प्रत्येक खेपेला हाक मारते. लॉट क्रमांक, पोती आणि वजन या तीन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या जात असतील, तर तीन पट्ट्या निघणारच. काट्याचा आकडा हलत असताना मापाडी वजन पुकारत नाही, तसेच येथेही थांबायला हवे.

लिनक्समध्ये फायलींच्या घडामोडी कळवणारी आयनोटिफाय ही सोय २००५ साली २.६.१३ या आवृत्तीत आली आणि लिनक्सवर वॉचडॉग तिचाच आधार घेते. लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद झाली, अशी स्वतंत्र घटना तीत आहे. वॉचडॉगमध्ये ती ‘ऑन क्लोज्ड’ या नावाने मिळते (फार जुन्या आवृत्तींत मिळत नाही). आपण कॉलबॅक तेथे हलवावा. वाचण्यापूर्वी एक सेकंद थांबण्याचा तोडगा अनेक जण सुचवतात, परंतु ज्या दिवशी नेटवर्क रेंगाळेल त्या दिवशी तोच सेकंद अपुरा पडेल, म्हणून मी तो सुचवणार नाही.

काट्याचे सॉफ्टवेअर बदलून घेता येत असेल, तर याहून चोख मार्ग आहे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग तिला खरे नाव द्यावे. एकाच फाइल सिस्टीममध्ये नाव बदलण्याची क्रिया अखंड असते, म्हणजे ती अर्धवट कधी दिसत नाही, त्यामुळे खऱ्या नावाने दिसणारी फाइल पूर्णच असते. कॉलबॅक मग ‘ऑन मूव्हड’वर (नाव बदलल्याच्या घटनेवर) नोंदवावा लागेल.

फाइल बंद होणे एकदाच घडेल, असे मात्र गृहीत धरू नये. काही सॉफ्टवेअर रिकामी फाइल तयार करून ती बंद करते आणि नंतर पुन्हा उघडून तीत लिहिते. म्हणून निव्वळ वजनाची ओळ सापडली नाही, तर कॉलबॅकने काहीही न छापता परत फिरावे, आणि छापलेल्या लॉटचे क्रमांक नोंदवून ठेवावेत, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आल्यास दुसरी पट्टी निघणार नाही. छपाईही कॉलबॅकच्या आत करू नये. वॉचडॉग आपली फंक्शने एकामागून एक चालवते. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर मागचे सगळे लॉट ताटकळतील. कॉलबॅकने केवळ फाइलचे नाव रांगेत टाकावे आणि छपाई दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या वेगळ्या भागाने, करावी.

फोल्डर आपल्याच संगणकावर आहे, हे सुदैव. ते काट्याच्या संगणकावर असते आणि आपण नेटवर्कवरून जोडून घेतले असते, तर पलीकडे झालेले बदल आयनोटिफायला कळलेच नसते आणि वॉचडॉगचा ठरावीक वेळाने फोल्डर तपासणारा पोलिंग ऑब्झर्व्हर वापरावा लागला असता.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती आज ना उद्या अडेल. वीज जाऊन आपला संगणक बंद पडला आणि तेवढ्यात फायली आल्या, तर त्यांच्यासाठी कॉलबॅक कधीच येणार नाही, कारण नोंदणीपूर्वीच्या घटना मागाहून मिळत नाहीत. म्हणून प्रोग्राम सुरू होताच आधी कॉलबॅक नोंदवावा आणि त्यानंतर फोल्डरमधील शिल्लक फायली वाचाव्यात. हा क्रम उलटा केल्यास दोहोंच्या मधल्या क्षणी आलेली फाइल निसटते. सुलट ठेवल्यास एखादी फाइल दोनदा येईल, पण तिच्यासाठी लॉट क्रमांकांची नोंद आहेच.