थंडीत दोन्ही वेळेला अंधार, नोकरी सांभाळून घोड्याचं कसं करता?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की नोकरी नागपुरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, घोडा कळमेश्वर रोडला मित्राच्या शेतात, दिवाळीपासून जाताना पण अंधार अन् येताना पण अंधार, रायडिंग बंद पडलं, घोड्यावर अन्याय होतोय असं वाटतं, मग विकून टाकू का.

भाऊ, घाई करू नका. मी याच चक्रात चार हिवाळे काढलेत. माझं ऑफिस मिहानला, घोडी काटोल रोडवर फेटरीच्या पुढं मामाच्या शेतात, म्हणजे शहराची दोन टोकं. घोडीचं नाव काजळ, मारवाडी जातीची आहे, नऊ वर्षांची, अंगानं काळीभोर, अन् हा काळा रंग अंधारात किती त्रास देतो ते पुढं सांगते.

तुम्हाला वाटतं तुमचं टाइम मॅनेजमेंट चुकतंय, पण आपल्याकडे उजेडच लवकर जातो. घड्याळ सगळ्या देशाचं एक, आपण मुंबईच्या बरेच पूर्वेला, त्यामुळे सूर्य त्यांच्यापेक्षा साधारण २५ मिनिटं आधी बुडतो. नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचलाच बुडालेला असतो, अन् जानेवारीत सकाळी पावणेसात वाजले तरी उगवलेला नसतो. म्हणजे नोकरीवाल्याला सोमवार ते शुक्रवार घोडा उजेडात दिसतच नाही. खरी अडचण ही आहे. तासभर वेळ तुम्ही कुठून तरी काढाल, पण त्या तासात तुम्हाला दिसतं काय?

मला हे दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. डिसेंबर होता, ऑफिसात ऑडिट चाललेलं, पाच दिवस मी शेतावर रात्री साडेआठ-नऊला पोचत होते. मोबाइलचा टॉर्च मारायचा, घोडी उभी आहे, टाकं पाण्यानं भरलेलं आहे, गव्हाणीत चारा आहे, मानेवरून हात फिरवायचा अन् निघायचं. भरलेलं टाकं बघून मला दर रात्री बरं वाटायचं, की चला सालदार काकांनी पाणी भरलंय. पाचव्या रात्री काजळ सारखी मान वळवून पोटाकडं बघत होती, पुढचा पाय जमिनीवर खरवडत होती, दुपारचा चारा तसाच पडलेला. काकांना विचारलं तर ते म्हणाले मी तं सोमवारपासून टाकं भरलंच नाही, भरलेलंच आहे ना. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. टाकं भरलेलं होतं कारण घोडी पाणीच पीत नव्हती. सकाळचं पाणी बर्फासारखं गार, त्यात नोव्हेंबरात हिरवं गवत संपलं म्हणून काकांनी सगळा चारा कडब्यावर अन् कुटारावर नेलेला. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा तर पाणीच असतं, वाळल्या चाऱ्यात ते दहा-पंधरा टक्के. म्हणजे चाऱ्यातून जाणारं पाणी गेलं अन् टाक्यातलं पण गेलं. आतडं कोरडं पडलं अन् चारा आत गच्च बसला. लीद बघितली तर सुपारीएवढ्या कडक गोळ्या, वरून चिकट पडदा आलेला. पाच दिवस ती लीद तिथंच माझ्या पायाशी होती अन् अंधारात मी ती पाहिली नव्हती.

रात्री साडेदहाला डॉक्टर आले, हात घालून तपासलं, नाकातून नळी टाकून पोटात पाणी अन् औषध सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. पहाटे साडेचारला तिनं लीद टाकली. मी तिथंच तणसावर बसून रडले, खोटं नाही सांगत.

त्या रात्री पोटशूळ म्हटल्यावर शेजारच्या शेतातले एकजण तेलाची बाटली घेऊन आले होते, तोंडात ओता म्हणाले. प्रेमानं आले होते, पण हे कधीच करू देऊ नका. तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं खराब होतात, अन् घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटात काही घालायचं तर ते डॉक्टरनंच नळीनं घालायचं. तुमच्या जवळचा, रात्री फोन उचलणारा जनावरांचा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. अन् सेमिनरी हिल्सला आपलं व्हेटर्नरी कॉलेज आहे १९५८ पासूनचं, तिथं मोठ्या जनावरांचा दवाखाना आहे, तो रस्ता एकदा दिवसा जाऊन बघून या, घोडा न्यायला टेम्पो कुणाचा मिळेल ते पण विचारून ठेवा.

तर माझं आता कसं चालतं ते सांगते. पाण्याचं टाकं मी थंडीत बंद करते. त्याऐवजी पांढऱ्या बादल्या, वीस-वीस लिटरच्या, आतून मार्करनं रेघा मारलेल्या. पांढऱ्या यासाठी की टॉर्चमध्ये पाणी किती उरलं ते लगेच दिसतं. काजळचं वजन साधारण चारशे किलो, तिला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी लागतंच, कोरड्या चाऱ्यावर जास्त. काका संध्याकाळी चुलीवर एक हंडा तापवतात अन् बादलीत मिसळून कोमट करतात, गार पाण्यापेक्षा घोडा कोमट पाणी जास्त पितो हे मी रेघांवर मोजून पाहिलंय. शिवाय रोज एक मोठा चमचाभर मीठ खुराकात. काका भिंतीवर खडूनं लिहितात, सकाळी किती बादल्या, संध्याकाळी किती, लीद किती वेळा. चांगल्या घोड्याची दिवसाला आठ-दहा-बारा वेळा लीद होते. मी रात्री पोचले की आधी घोडीकडं नाही, भिंतीकडं बघते.

काकांबद्दल पण लिहायलाच पाहिजे कारण तुमच्या शेतावर पण कुणीतरी असेलच. आपले सालदार लोक बैलाचं सगळं जाणतात, पण घोडा बैल नाही अन् ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बैल रवंथ करतो, पोट मोठं, रात्रभर निवांत. घोड्याचं जठर लहान अन् त्यात आम्ल चोवीस तास सुटत राहतं, संध्याकाळी सहाला चारा दिला, तो आठला संपला, मग सकाळी सातपर्यंत पोट रिकामं, म्हणजे अल्सरला बोलावणंच. म्हणून रात्रीचा चारा सगळ्यात मोठा ठेवायचा, अन् बारीक छिद्रांच्या जाळीत टांगायचा म्हणजे हळूहळू ओढून खातो. याचा थंडीत अजून एक फायदा, चारा मागच्या आतड्यात कुजताना, म्हणजे आंबताना, त्याची उष्णता तयार होते, घोडा आतून शेकतो. चणे-ओट वाढवून तेवढी ऊब येत नाही. सरकी ढेप, गाई-म्हशींची तयार पेंड असलं काही नको. कोंबडीचं खाद्य तर जवळपास पण नको, असल्या खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं अन् ते घोड्याला जीवघेणं आहे. काकांना हे मी एकदा नीट बसून सांगितलं, हुकूम नाही केला, का ते सांगितलं, अन् त्यांचे महिन्याचे पैसे वेगळे ठरवले. नुसतं “जरा बघत जा हो” म्हणून काही होत नाही. ज्याच्या भरवशावर आपण ऑफिसात बसतो त्याचा मान अन् पगार दोन्ही ठेवावे लागतात.

आता अंधारात तपासायचं कसं. हेडटॉर्च घ्या, हात मोकळे राहतात, पण सरळ घोड्याच्या डोळ्यात मारू नका. अन् डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा. मी रोज एकाच क्रमानं हात फिरवते, कान, जबडा, मान, छाती, मग चारही पाय वरून खाली, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, कुठं सूज आहे का, कुठं ओलं चिकट लागतं का. काळ्या घोडीवर रक्त दिसत नाही भाऊ, हाताला लागतं. खूर उचलून खरवडायचं अन् वास घ्यायचा, सडका वास आला म्हणजे खाली ओल आहे. पोटाच्या दोन्ही बाजूंना कान लावून गुडगुड ऐकायची. पंधरा मिनिटं लागतात, बस. थर्मामीटर जवळ ठेवा, ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला तर लगेच डॉक्टरला फोन.

थंडीची भीती मात्र लोक उगाच घेतात. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी नागपुरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता, असे दिवस अगदी मोजके, एरवी आठ-दहा-बारा. केस आलेल्या धडधाकट घोड्याला एवढी थंडी काहीच नाही, उलट उन्हाळाच त्याचा जीव घेतो. म्हातारा असेल, हडकलेला असेल, केस कापलेले असतील तर झूल घाला. लोक काय करतात, तबेल्याला चारही बाजूंनी ताडपत्री अन् बोऱ्या लावून बंद करतात, आत मुताचा उग्र वास अन् चाऱ्याची धूळ कोंडते, घोडा खोकायला लागतो, मग म्हणतात थंडी लागली. वाऱ्याची एक बाजू अडवा, वरून हवा खेळती ठेवा. शेकोटी तबेल्यापासून लांब. तणस कसं पेटतं ते तुम्हाला सांगायला नको.

दिवा रात्रभर सुरू ठेवायचा नाही. दिवस लहान झाला की थंडीचे केस येतात, मोठा व्हायला लागला की गळतात, तो हिशोब घोडा उजेडावरच करतो. घोडी असेल तर माजाचं चक्र पण उजेडावरच, पैदास करणारे मुद्दाम सोळा तास उजेड देऊन घोडी लवकर माजावर आणतात. मी कामापुरता एलईडी लावते अन् जाताना बंद करते. वायर घोड्याच्या तोंडापासून लांब असू द्या.

रायडिंगचं म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार सोडून द्या, मनापासून सोडा. अंधारात काटोल रोडला किंवा कळमेश्वर रोडला ट्रकच्या लाइटसमोर घोडा काढणं म्हणजे त्याचा अन् आपला दोघांचा जीव टांगणीला लावणं. त्याऐवजी दिवसभर मोकळं सोडायची कुंपणाची जागा करा, काका सकाळी सोडतील संध्याकाळी बांधतील, एवढ्यानं घोड्याचं अर्धं काम होतं. मी रात्री वीस मिनिटं दोरीवर हातानं चालवते, थांब, मागं सर, वळ, इतकंच.

पण इथं एक धोका आहे जो नोकरीवाल्यांच्याच घोड्यांना होतो. आठवडाभर घोडा उभा, खुराक पूर्ण, अन् रविवारी आपण हौसेनं दोन तास पळवतो. मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम सुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीसारखी काळपट येते. याला पूर्वी सोमवारचा आजारच म्हणायचे, कारण रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामाला जुंपलेल्या घोड्यांना व्हायचा. आपलं उलट आहे, आपल्या घोड्याची सुट्टी सहा दिवसांची. तेव्हा ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा, चारा कमी करू नका, अन् रविवारी सुरुवात अर्धा तास चालीनं. असं काही झालंच तर तिथंच थांबवा, चालवत घरी आणू नका, डॉक्टरलाच तिथं बोलवा.

रविवारची दुपार मात्र दुसऱ्या कशालाच देऊ नका, लग्न असो की काही. अकरा ते चार लख्ख उजेड असतो. तेव्हा पूर्ण अंग खरारा करून बघा, केसांखाली बरगड्या बोटांना किती लागतात ते चाचपा, थंडीचे केस घोडा जाड दाखवतात अन् आतून तो हडकत असतो. नालबंदाला रविवारीच बोलवा, सहा-आठ आठवड्यांनी. अन् संक्रांतीच्या आधीपासून कुंपणातली जमीन पायी फिरून मांजा गोळा करा. आपल्या नागपुरात पतंग किती उडतात ते तुम्ही जाणताच, नायलॉन मांजा गवतात दिसत नाही अन् घोड्याच्या खुराच्या वर गुंडाळला की नस कापतो. मागच्या वर्षी मी एका रविवारी पिशवीभर काढला.

विकायचं का, तर मार्चपर्यंत तरी विकू नका. बादल्या, भिंत, काका, रविवार एवढं बसवून बघा. एवढं करून पण जमत नसेल, काकांसारखं कुणी मिळत नसेल, तर चांगल्या घरी देणं पण घोड्यावर प्रेमच आहे, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही.

अन् रोज पाठीवर बसलं नाही म्हणून तो तुम्हाला विसरत नाही. मी आता फाटकाच्या अलीकडं गाडीचा हेडलाइट बंद करते, कारण घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं पण एकदम उजेड पडला की डोळे सावरायला त्याला वेळ लागतो. मग अंधारात गाडी ढकलत आत नेते, अन् मला काही दिसायच्या आधी काजळ फुरफुरते.